घरचा दिवा आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत भरलेल्या मेळाव्यापुढें धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही धर्मग्रामाच्या इतिहासावर, पूर्वीच्या धर्मगुरूंच्या स्मृतींवर अथवा देवळाच्या बांधकामावर चार शब्द बोलूं, अशी आपली अपेक्षा असेल. ते विषय थोर आहेत, आणि त्यांवर बोलण्यास आमच्याहून अधिक अधिकारी अशी वडील मंडळी येथें बसली आहेत. आम्हीं निवडलेला विषय दिसावयास क्षुद्र आहे. आपल्या घरांत खर्च होणारी वीज कमी कशी करावी, आणि मुख्यतः ही गोष्ट एकानें दुसऱ्यास कशी शिकवावी, हा तो विषय. विजेचें बिल हा धर्मगुरूच्या बोलण्याचा विषय नव्हे, असें कोणास वाटेल. गेल्या तीन वर्षांचा अनुभव आम्हांस निराळें सांगतो. आणि त्या अनुभवांत आमच्या पदरीं दोन चुकाहि आहेत. त्या दोन्ही आज आपणांपुढें मांडावयाच्या, असा आमचा निश्चय आहे.

आमचें बालपण वसईच्या एका वाडींत गेलें. घरांत वीज आलेली होती, पण ती सायंकाळीं हटकून जात असे, आणि म्हणून आमच्या आईचा कंदील सदैव तयार असे. दिवेलागणीपूर्वीं त्याची कांच राखेनें पुसावयाची, वात कातरावयाची आणि रॉकेल किती उरलें आहे तें टाकी हालवून पाहावयाचें, हें काम आमच्याकडे होतें. वात उगाच मोठी केली कीं आई म्हणे, "तेल काय विहिरींतून येतें?" पण तिनें तसें म्हटलें नसतें तरी चाललें असतें. वात वाढली कीं तेल घटतें, हें डोळ्यांस दिसत होतें. चुलीचेंहि तसेंच. सरपणाची रास परसांत रचलेली असे, आणि पावसाळा सरण्यापूर्वीं ती सरली तर घरावर कोणता प्रसंग येतो हें लहान पोरासहि ठाऊक होतें.

विजेनें हें दिसणेंच नाहींसें केलें. बटण दाबलें कीं दिवा लागतो. काय जळलें, कोठें जळलें, किती जळलें, यांतलें कांहींच दिसत नाहीं. महिन्यानें एक कागद येतो. वाण्याच्या उधारीच्या वहींत निदान साखर किती, तेल किती, हें लिहिलेलें असतें. विजेच्या बिलांत पंख्यानें किती घेतलें आणि गीझरनें किती, याचा उल्लेख नसतो. म्हणून आपल्या पिढीची उधळपट्टी ही स्वभावानें आलेली नाहीं, असें आम्ही मानतों. ती न दिसण्यामुळें आली आहे. जें डोळ्यांआड गेलें आहे तें पुन्हां दाखविणें, एवढेंच या बाबतींतलें शिक्षण.

प्रथम हिशेबाच्या तीन गोष्टी. हजार वॉटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. २,००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला कीं एक युनिट. ७५ वॉटचा जुना पंखा १२ तास फिरला कीं जवळजवळ तितकीच वीज. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब पांच तास जळल्यास तीन दशांश युनिट जातें. साधारण तितकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा त्याच वेळांत त्याच्या सहाव्या हिश्शाहूनहि कमी वीज घेतो. टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स निजलेला दिसतो, पण भिंतीवरचें बटण चालू असेल तर तो जागाच असतो. दहा वॉट घेणारा असा एक बॉक्स महिन्यास सात युनिटें नुसता झोपेंत खातो.

दुसरी गोष्ट दराची. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी आहे. १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट पडतो, आणि पुढें तो आणखी चढतो. म्हणून ज्या घरांत १४० युनिटें लागतात त्या घरानें ४० वांचविलीं, तर तीं वरच्या महाग थरांतलीं वांचतात. थोडी काटकसर बिलांत मोठी दिसते ती यामुळें.

तिसरी गोष्ट बिलावर छापलेली नसते. आपल्या देशांत होणाऱ्या विजेपैकीं दोन तृतीयांशांहून अधिक वीज आजहि कोळशापासून होते. अशा एका युनिटामागें सहाशें ते सातशें ग्रॅम कोळसा जळतो, आणि देशी कोळशांत राखेचा अंश फार असल्यामुळें पाव किलोच्या जवळपास राख मागें उरते. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचें आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यांत डहाणूस ५०० मेगावॉटचें केंद्र आहे. आपल्या घरांत जपमाळेच्या वेळीं लागणारा दिवा कोणत्या भट्टीवर पेटला हें सांगतां येत नाहीं, कारण सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यांत मिसळते. पण राख आणि धूर कोणाच्या तरी शेतावर उतरतातच. शेजारी कोणास म्हणावें, असा प्रश्न एका शास्त्र्यानें प्रभूस विचारला तेव्हां प्रभूनें शोमरोन्याचा दाखला सांगितला. त्या दाखल्यांतला जखमी मनुष्य निदान वाटेवर पडलेला दिसला. आपला हा शेजारी तारेच्या दुसऱ्या टोकास राहतो, आणि तो आपणांस कधींच दिसत नाहीं.

आतां आमची पहिली चूक. पोप फ्रान्सिस यांचें 'लाउदातो सी' हें परिपत्रक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. सृष्टीच्या जपणुकीचा एवढा मोठा विषय मांडतांना त्यांनीं गरज नसलेला दिवा मालविण्यासारख्या लहान कृत्यासहि त्यांत स्थान दिलें आहे. तीन वर्षांपूर्वीं आम्हीं त्या परिपत्रकाच्या आधारें लागोपाठ चार रविवारीं प्रवचनें दिलीं. कोळसा, धूर, वितळणारें बर्फ, पुढील पिढ्या, सर्व कांहीं सांगितलें. प्रवचनें चांगलीं झालीं, असें पुष्कळांनीं सांगितलें. चौथ्या रविवारीं मिस्सेनंतर एक वृद्ध बाई आमच्याजवळ आल्या आणि त्यांनीं अगदीं साधेपणानें विचारलें, "फादर, तुमच्या बंगल्याचें बिल किती येतें हो?"

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. बिल कचेरींत येतें, तेथून परस्पर भरलें जातें. चार आठवडे लोकांस वीज वांचविण्याचा उपदेश करणाऱ्या माणसानें स्वतःचें बिल एकदांहि पाहिलें नव्हतें. त्या सायंकाळीं आम्हीं तें काढून पाहिलें. दोन धर्मगुरूंच्या निवासाचीं आणि एका लहान कचेरीचीं मिळून महिन्याचीं चारशेंहून अधिक युनिटें! मग आम्ही घरभर हिंडलों. पहांटे लाविलेला गीझर दुपारपर्यंत चालू असे. व्हरांड्यांतल्या चार ट्यूबा रात्रभर कोणासाठीं जळत होत्या तें कोणासच सांगतां येईना. फ्रीजच्या दाराचें रबर इतकें सैल झालें होतें कीं आंतली थंडी स्वयंपाकघरांत सांडत होती. या उधळपट्टींत पाप शोधूं गेल्यास तें सांपडलें नसतें. कोणाचें लक्ष नव्हतें, एवढेंच.

पुढच्या रविवारीं आम्ही त्या विषयावर अवाक्षर बोललों नाहीं. देवळाच्या दाराशीं सूचनाफलक आहे, त्यावर आम्हीं आपलें बिल टांचलें. खालीं लिहिलें, "हें आमचें. पुढच्या महिन्यांत कमी करण्याचा यत्न करूं." दर महिन्यास नवें बिल तेथें लागूं लागलें. चौथ्या महिन्यांत आंकडा तीनशेंच्या खालीं आला. आणि त्याच सुमारास एके सकाळीं आमच्या बिलाशेजारीं दुसरें एक बिल टांचलेलें दिसलें. नांव शाईनें खोडलें होतें, युनिटांचा आंकडा मात्र ठळक ठेविला होता. तें कोणीं लाविलें हें आजतागायत आम्हांस कळलें नाहीं. नाताळापर्यंत फलकावर अशीं अकरा बिलें झालीं. चार प्रवचनांनीं जें झालें नाहीं तें एका कागदानें झालें.

असें कां व्हावें, याचा शोध घेतांना दूरदेशीं झालेले कांहीं प्रयोग आमच्या वाचनांत आले. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत सान मार्कोस नांवाचें एक नगर आहे. तेथें वेस्ली शुल्ट्झ, रॉबर्ट चाल्दिनी आदि मानसशास्त्रज्ञांनीं घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकविल्या. कांहीं घरांस लिहिलें कीं वीज वांचविल्यानें पर्यावरण वांचेल; कांहींस, तुमचे पैसे वांचतील; कांहींस, हें समाजाचें ऋण आहे; आणि कांहींस एवढेंच कीं, तुमचे बहुतेक शेजारी वीज वांचवीत आहेत. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत दिसतें कीं सर्वांत अधिक परिणाम या शेवटच्या चिठ्ठीचा झाला. मौज अशी कीं लोकांस नुसतें विचारलें तेव्हां, शेजाऱ्यांचा आपल्यावर परिणाम सर्वांत कमी होतो, असें त्यांनीं सांगितलें होतें. मनुष्य स्वतःस किती कमी ओळखतो!

पण याच मंडळींच्या २००७ सालच्या दुसऱ्या निबंधांत एक इशाराहि आहे. सुमारें तीनशें घरांस त्यांनीं, तुमची वीज किती आणि शेजाऱ्यांची सरासरी किती, हें कळविलें. जे अधिक वापरीत होते त्यांनीं वापर कमी केला. परंतु जे आधींच कमी वापरीत होते त्यांचा वापर वाढला! आपण सरासरीच्या खालीं आहों हें कळतांच त्यांचा हात सैल झाला. ज्या कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर आंकड्याजवळ एक हंसरा चेहरा काढला होता, त्यांच्या बाबतींत मात्र ही वाढ झाली नाहीं. शाबासकीचा एक शब्दहि हिशेबांत धरावा लागतो तो असा. आपल्या धर्मग्रामांतहि हेंच घडलेलें आम्हीं पाहिलें. एका घरानें फलकावरचीं बिलें वाचून, आपलें तर बरेंच कमी आहे, असा हिशेब केला आणि त्याच महिन्यांत एसी घेतला. तो त्यांनीं घेऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. नुसता आंकडा दाखविणें पुरत नाहीं, एवढेंच आम्ही त्यावरून शिकलों.

याच संस्थानांत घरोघर जाऊन विजेची व उष्णतेची गळती तपासणारे निरीक्षक असत. कांहीं निरीक्षकांस बोलण्याची नवी रीति शिकविण्यांत आली. दारांखिडक्यांच्या फटींतून उष्णता जाते, असें न म्हणतां त्यांनीं म्हणावें कीं या साऱ्या फटी एकत्र केल्या तर तुमच्या भिंतीस केवढें भगदाड पडेल पाहा. आणि घरच्या माणसास बरोबर घेऊन त्याच्याच हातानें सारें तपासून घ्यावें. एलियट ॲरनसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधावरून दिसतें कीं अशा निरीक्षकांचें ऐकून घर सुधारण्यास पुढें येणारे गृहस्थ पुष्कळच अधिक होते.

आपल्या सरकारनेंहि पुष्कळ केलें आहे. ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ सालीं झाला. पुढच्याच वर्षीं ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २००६ सालापासून उपकरणांवर तारे छापले जाऊं लागले, आणि २०२३ पासून छताच्या पंख्यांवरहि ते सक्तीचे झाले. २०१५ सालीं सुरूं झालेल्या उजाला योजनेंत छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वांटले गेले. १४ डिसेंबर हा दिवस १९९१ पासून ऊर्जा संवर्धनाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. पण तारे वाचावे कसे, हें दुकानांत कोणी सांगत नाहीं, आणि स्वस्त पंख्याची किंमत एकदां देऊन त्याचें बिल पंधरा वर्षें भरावें लागतें, हें आपण घरीं आल्यावरहि जाणत नाहीं. कायदा दारापर्यंत येतो. उंबरठा ओलांडून आंत येण्याचें काम शेजाऱ्यासच करावें लागतें.

म्हणून आम्हीं ऑक्टोबर महिन्याची रीति उचलली. त्या महिन्यांत जपमाळेसाठीं आपण वाडीवाडींत घरोघर जातों. कोणास आमंत्रण लागत नाहीं, कोणास संकोच वाटत नाहीं. त्याच धर्तीवर प्रत्येक वाडींत महिला मंडळाची एक बाई आणि एक तरुण किंवा तरुणी, अशा जोड्या ठरविल्या. जपमाळ आटोपल्यावर ज्या घरीं बोलावतील त्या घरीं अर्धा तास बसावयाचें. उपदेश करावयाचा नाहीं. जें करावयाचें तें घरच्या माणसानें स्वतःच्या हातानें करावयाचें.

तें काय करतात, तें येथें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. प्रथम घरांतलें सर्व बंद करून मीटरजवळ उभें राहावयाचें. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. वीज जितकी अधिक जाते तितका तो जलद लुकलुकतो. सर्व बंद असूनहि तो लुकलुकत राहिला तर घरांत कांहीं तरी जागें आहे. मग मुलें तें शोधून काढतात. त्यांस यासारखा दुसरा खेळ नाहीं. पुढें एकेक वस्तु लावावयाची आणि लुकलुक मोजावयाची. गीझर लाविल्यावर तो दिवा कसा धांवूं लागतो, हें ज्या गृहिणीनें एकदां पाहिलें तिला पुढें कांहीं सांगावें लागत नाहीं. आमच्या आईच्या कंदिलांतलें तेल पुन्हां दिसूं लागतें तें असें.

दुसरें, फ्रीजच्या दारांत एक कागद धरून दार लावावयाचें. कागद सहज निसटून आला तर रबर बदलावयाचें. फ्रीज भिंतीस चिकटवून ठेविला असेल तर वीतभर पुढें ओढावयाचा, म्हणजे मागची उष्णता बाहेर जाते. तिसरें, ज्या खोलींत एसी असेल तेथें पेटलेली उदबत्ती दारांखिडक्यांच्या कडांवरून फिरवावयाची. धूर जेथें ओढला जातो तेथें पैसा चालला आहे. एसीचें तपमान एका अंशानें वाढविलें तर सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २४ अंशांवर ठेवून पंखा सोबत लाविला तर बहुतेकांस पुरतें. चौथें, रात्रीं दहा वाजतां वरच्या मजल्यावरच्या छतास हात लावावयाचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीं घरांत उष्णता ओततो, हें तळहातास कळतें. पूर्वीच्या आपल्या घरांस कौलें होतीं, माळा होता, भोंवतीं केळी, नारळ आणि आंबे होते. आपण तीं पाडून चौकोनी घरें बांधलीं आणि मग थंडावा विकत आणूं लागलों. गच्चीवर पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिल्यानें ऊन परतून जातें. हरित वसईसाठीं झटलेले आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ सालीं प्रभुघरीं गेले. त्यांच्या चळवळीनें वांचविलेल्या झाडांची सांवली हीहि एक प्रकारें वांचविलेली वीजच होय.

शेवटीं घरच्यांनीं एकच वचन द्यावयाचें. दहा नव्हे, एक. "गीझर दहा मिनिटांनीं बंद करूं" किंवा "जुना पंखा जाईल तेव्हां तीस वॉटच्या आसपासचा नवा घेऊं." तें घरच्याच कोणीं तरी कागदावर लिहावयाचें. महिन्यानें ती जोडी पुन्हां जाते, बिल पाहते, आणि वचन पाळलें असेल तर चांगलें म्हणते. त्या हंसऱ्या चेहऱ्याचें काम आमच्या बायका चहा पितांना करतात.

आतां दुसरी चूक. ही सांगणें आम्हांस जड जातें. पहिल्या वर्षीं उत्साहाच्या भरांत आम्हीं फलकावर लिहिलें होतें, "ज्याचें बिल सर्वांत कमी, तो धन्य." पुढचा मे महिना फार कडक गेला. एका वाडींतील एक आजोबा, वय सत्तरीच्या पुढें, दुपारचा पंखा बंद करून बसूं लागले. सून लावी, ते बंद करीत. एके दुपारीं ते ओट्यावर कोसळले. त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां ते क्षीण आवाजांत म्हणाले, "फादर, या महिन्यांत माझें बिल फलकावर लावायचें होतें." परमेश्वराच्या कृपेनें ते बरे झाले आणि आज ते येथें पुढच्या रांगेंत बसले आहेत. हें सांगण्यास त्यांनींच आम्हांस परवानगी दिली.

तो फलक आम्हीं त्याच रात्रीं पुसला. मे २०१० मध्यें अहमदाबादेस उष्म्याची लाट आली तेव्हां त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक मृत्यु झाले. म्हणूनच त्या शहरानें २०१३ सालीं उष्म्यापासून बचावाचा स्वतःचा आराखडा तयार केला. हें आम्ही पूर्वीं वाचलें होतें, आणि तरीहि वृद्धाचा पंखा ही चैन नव्हे, हें आम्हांस सुचलें नाहीं. काटकसर हा सद्गुण खरा. पण ज्याच्यापाशीं जादा आहे त्याचाच तो सद्गुण. तेव्हांपासून जोड्यांस एक नियम आहे. घरांत वृद्ध, आजारी किंवा तान्हें मूल असेल तर प्रथम विचारावयाचें, "पुरेसें आहे का?" आणि मगच, "जास्त आहे का?"

हा पहिला प्रश्न विचारूं लागल्यावर आम्हांस आपलें धर्मग्राम निराळें दिसूं लागलें. एका विधवा बाईंच्या घरीं एक खोली, एक दिवा, एक खडखडणारा पंखा. तेथें आमच्या जोडीस शिकविण्यासारखें कांहींच नव्हतें. बाईंनींच त्यांस शिकविलें. त्या भातास उकळी आणून थोडा वेळ शिजूं देतात, मग गॅस बंद करतात आणि झांकलेलें पातेलें जुन्या गोधडींत घट्ट गुंडाळून ठेवतात. उरलेला भात आपल्याच वाफेवर शिजतो. डाळ भिजविल्याशिवाय त्या कधीं चुलीवर ठेवीत नाहींत, आणि पातेल्यावर झांकण नसलें तर त्यांस चैन पडत नाहीं. आज ती गोधडीची युक्ति तीन वाड्यांत चालते. जिच्या घरीं आपण वीज वांचवावयास शिकवूं म्हणून गेलों, तिनें गॅसचा सिलिंडर चार दिवस अधिक कसा पुरवावा तें आम्हांस शिकविलें. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हें देव ठरवितो.

कित्येक तरुण आम्हांस विचारतात कीं, हें सारें करण्यापेक्षां छपरावर सौर पत्रे बसविले म्हणजे झालें. बसवावे, अवश्य बसवावे. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरूं झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकीं ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक असल्यास ७८,००० रुपये साह्य ठरविण्यांत आलें. एका किलोवॉटपासून आपल्याकडे दिवसास सरासरीनें चारच्या आसपास युनिटें मिळतात. पण ज्या मडक्यास भोंक आहे त्यांत अधिक पाणी ओतण्यापूर्वीं भोंक बुजवावें, हें आपल्या आयांनीं आपणांस शिकविलें आहे. प्रथम घर तपासावें; मग जेवढें लागतें तेवढेंच छपरावर मांडावें. खर्चहि निम्म्यावर येण्याचा संभव असतो.

आतां महोत्सवाविषयीं एक विनंति. नोव्हेनाच्या नऊहि रात्रीं देवळास आणि मैदानास रोषणाई करावी, असा समितीचा विचार आहे. देवाच्या घरीं काटकसर कसली, असें कांहीं वडील मंडळी म्हणतात. त्यांच्या भक्तीबद्दल आम्हांस आदर आहे. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं स्वतः डोक्यावरून दगड वाहून हें देऊळ उभें केलें, त्यांस तें उजळलेलें पाहावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जुन्या करारांत ज्यूबिलीचें वर्ष सांगितलें आहे तें जमिनीस विसांवा देण्याचें आणि कर्जदारास मोकळें करण्याचें वर्ष होतें. आमची सूचना अशी कीं रोषणाई सणाच्या पूर्वसंध्येस आणि सणाच्या दिवशीं, रात्रीं दहापर्यंत असावी; आणि उरलेल्या सात रात्रींचा खर्च ज्या घरांत आमच्या जोड्यांस खडखडणारे पंखे दिसले आहेत, त्या घरांत नवे पंखे बसविण्यास द्यावा. निर्णय समितीचा आहे. ती जें ठरवील तें आम्ही आनंदानें मान्य करूं. आम्हीं फक्त आपलें मत सांगितलें.

आणि आपणांपैकीं प्रत्येक कुटुंबास एक मागणें. या वर्षांत एका शेजाऱ्याच्या घरीं जा. त्याच्या मीटरजवळ त्याच्याबरोबर उभे राहा. त्याचें बिल अधिक आहे म्हणून नव्हे, आणि आपलें कमी आहे हें दाखविण्यासाठींहि नव्हे. आधीं आपलें बिल त्यास दाखवा. मग त्याच्या घरांतील आजीस विचारा, दुपारीं उकडतें का. या दोन गोष्टी केल्यात तर बाकीच्या आपोआप सुचतील.

सूचनाफलकावर या महिन्याचें आमचें बिल लागलें आहे. मागच्या महिन्यापेक्षां तें थोडें वाढलें आहे. पाहुणे पुष्कळ होते, आणि आम्हीहि थोडे विसरलों. जातां जातां तें अवश्य वाचावें, आणि ज्या वृद्ध बाईंनीं आम्हांस प्रथम तो प्रश्न विचारला, त्यांनीं तो पुन्हां विचारावा.

प्रभु आपणां सर्वांच्या घरचा दिवा तेवत ठेवो, आणि त्याच्या उजेडांत शेजाऱ्याचें घर आपणांस दिसो.